वेरूळच्या कातळाचे सोयरे

वेरूळला सोळाव्या लेण्यासमोर गाईड राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाचे नाव घेतो आणि कळसाकडून पायाकडे खोदत आणलेला कैलास दाखवतो. ते सांगायलाच हवे. पण ज्या काळ्या कातळावर छिन्नी चालली त्याची जन्मकथा तिथे क्वचितच कानावर पडते. ती थेट मॉरिशसपर्यंत जाते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आजच्या रियुनियन बेटाच्या परिसरातील खोल, तप्त उगमावरून सरकत होता. त्या काळात लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि दख्खनचे पठार घडले. वेरूळचा डोंगर त्यातलाच. पुढे भूखंड उत्तरेकडे गेला. बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात की लक्षद्वीप-मालदीवच्या बुडालेल्या ज्वालामुखी रांगेचा उगमही हाच. पाण्यावर दिसते ते प्रवाळाचे काम. मॉरिशसही त्याच उगमाचे, पण त्या मानाने कोवळे, ८०-९० लाख वर्षांचे. शेजारच्या रियुनियनचा ज्वालामुखी तर आजही जागा आहे.

एकोणिसाव्या शतकात कोकणातून गिरमिटिया म्हणून गेलेले मराठी मजूर याच कुळातला दगड उपसून मॉरिशसच्या उसासाठी जमीन मोकळी करत होते. तिथे पाऊसही आपल्यासारखाच दुजाभाव करतो. आग्नेयेचे वारे मधल्या पठारावर ४ हजार मिलिमीटरपर्यंत पाणी ओततात, पश्चिम किनाऱ्याला हजारही मिळत नाही. सह्याद्रीच्या आडोशाला बसलेल्या मराठवाड्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

त्या बेटाला जपते ते भोवतीचे प्रवाळाचे कडे. लाटांचा मारा ते झेलते, पुळणीची वाळूही बरीचशी त्याचीच. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे जहाज त्याच कड्यावर चढले आणि सुमारे १ हजार टन तेल समुद्रात सांडले. लोकांनी उसाचा पाला पोत्यांत भरून तेल अडवायला तरंगते बांध घातले. तापलेल्या समुद्रात प्रवाळ पांढरे पडून मरते, त्यावर मात्र असा बांध घालता येत नाही. मालदीवची जमीन तर सरासरी जेमतेम दीड मीटर उंच. तिथे प्रवाळ टिकण्याचा प्रश्न देश उरण्याचाच आहे.

सहलीला वेरूळला येणाऱ्या मुलांना हे कळायला हवे. पुरातत्त्व आणि पर्यटन खात्याने कैलासाच्या वाटेवर दख्खन ते रियुनियन असा एक नकाशा, मराठीत, लावावा. शिक्षकांनी तोवर थांबू नये. त्या कातळावर हात ठेवायला लावून हा धडा तिथेच शिकवावा.