मोटारीतले होकायंत्र

‘होकायंत्राजवळ लोखंड आणू नये’ हे वाक्य तुम्ही प्रयोगवहीत लिहिले असेलच. पण मोटारीत काय करणार? वर पोलादी टप, खाली पोलादी सांगाडा, शेजारी ध्वनिवर्धकातले चुंबक! लोखंड दूर ठेवता येत नसेल तेथे त्याने पडणारी चूक मोजावी, आणि शाळेत हा प्रयोगही व्हावा, असे माझे मत आहे.

१८३८ साली जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने ‘रेनबो’ या लोखंडी आगबोटीवर हेच केले. गाडीचे असो वा बोटीचे, चुंबकत्व तिच्याबरोबर वळते, पृथ्वीचे वळत नाही. म्हणून दर दिशेला चूक वेगळी. एअरीने ती मोजली आणि होकायंत्राजवळ चुंबक व लोखंड बसवून बरीचशी घालवली.

मोटारीच्या कित्येक होकायंत्रांत अशी छोटी चुंबके स्क्रूने फिरवता येतात. गाडी चालवायला मोठे माणूस घ्या आणि मोकळ्या मैदानात जा. दुसरे होकायंत्र घेऊन गाडीपासून वीस पावले दूर उभे राहा व तिचे तोंड उत्तरेकडे करवा. आतले होकायंत्र उत्तर दाखवीपर्यंत स्क्रू फिरवा. मग तोंड दक्षिणेला. येथे दिसेल त्या चुकीपैकी निम्मीच काढा. सगळी काढलीत तर उत्तर बिघडेल. पूर्व-पश्चिमेसाठी दुसरा स्क्रू. (स्क्रू फिरवायला पितळी पट्टी घ्या, पोलादी नको!) उरलेली चूक आठही दिशांना मोजून कागदावर लिहा व तो शेजारी चिकटवा.

आता टपावर लोखंडी ट्रंक ठेवून पुन्हा मोजा. कोणत्या दिशेचा आकडा सर्वांत जास्त बदलला?