तोफ आणि पदवी

आमच्या देवळाली कॅम्पात तोफखान्याची शाळा आहे. सरावाच्या दिवशी तावदाने थरथरतात आणि आम्ही निवांत चहा पीत राहतो. परवा अशाच एका सकाळी शेजारचे अण्णा तावातावाने आले.

"सर, आमच्या धाकटीला जरा समजवा. बारावीला उत्तम गुण. इंजिनिअरिंग सोडून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करीन म्हणते. पुढे खाणार काय? मी दोन वर्षांत निवृत्त होणार!"

प्रश्न माझ्या ओळखीचा होता. मी मराठी घेऊन एम.ए. करायला निघालो, तेव्हा आमच्या वडिलांनी हाच विचारला होता; आवाज मात्र वरच्या पट्टीतला!

मुलीला बोलावले. "फिजिक्सच का ग?"

"काका, लहानपणी रात्री गच्चीवरून तोफेचा उजेड दिसला की मी सेकंद मोजायची. तीन सेकंदांना एक किलोमीटर. आवाज मागून का येतो, ते बाबांनीच सांगितलं होतं."

अण्णा कपात पाहू लागले.

मग मी चौकशी करून ठेवलेले सारे सांगितले. वाचकहो, तुमच्याही घरी हा प्रश्न असेल, म्हणून इथेही सांगतो. नुसत्या बी.एस्सी.वर भागत नाही. पुढे दोन वर्षांचे एम.एस्सी. हवेच. आय.आय.टी.त ते करायचे तर 'जॅम' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा आहे. ती 1957 पासून चालू असून, वर्षभराचे शिक्षण विद्यावेतनासह मिळते आणि उत्तीर्ण होणाऱ्याला वैज्ञानिक अधिकाऱ्याची जागा. जागा थोड्या, चुरस मोठी. पीएच.डी. करायची तर आणखी पाच-सहा वर्षे; पण शिष्यवृत्ती मिळाली तर घरावर भार पडत नाही. बी.एड. केले तर शाळेत शिकवता येते. गणित आणि संगणक पक्के असले, तर बाहेरही काम मिळते.

पुण्याच्या वाटेवर नारायणगाव लागते. तिथून जवळच खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. ती उभारणारे गोविंद स्वरूप 1950 साली अलाहाबादेतून फिजिक्सचेच एम.एस्सी. झाले होते.

"म्हणजे हिची कमाई सुरू व्हायला पाच-सहा वर्षे," अण्णा पुटपुटले.

"निदान तेवढी. आणि गणिताचा कंटाळा येत असेल, तर आजच सोडलेले बरे."

"कंटाळा नाही येत," मुलगी हळूच म्हणाली.

अण्णा काही न बोलता उठले. मला वाटले, रागावले.

त्याच रात्री सराव होता. त्यांच्या गच्चीवर दोघे उभे दिसले. दूर उजेड चमकला आणि अण्णांचा आवाज आला, "एक... दोन... तीन..."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. प्रवेशाचा अर्ज कसा भरायचा, ते विचारायला!