फक्त मांसाहार, आणि सोबत मधुमेहाची गोळी

पोळी नाही, भात नाही, डाळ नाही, भाजी नाही, फळही नाही. ताटात फक्त मांस, मासे, अंडी आणि चवीपुरते मीठ. ‘कार्निव्होर डाएट’ या नावाने अमेरिकेत गाजलेला हा आहार आता आपल्याकडच्या मोबाइलवरही फिरू लागला आहे. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉर्डन पीटरसन यांनी २०१८ मध्ये आपण केवळ गोमांस, मीठ आणि पाणी यांवर राहतो असे जाहीरपणे सांगितले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञ शॉन बेकर यांचे या आहारावरचे पुस्तक आले. वजन उतरते, साखर खाली येते, गोळ्या सुटतात, असे त्याचे आश्वासन आहे. त्यातली पहिली दोन विधाने पुष्कळांच्या बाबतीत खरी ठरतात. म्हणूनच या आहाराला ‘खूळ’ म्हणून उडवून लावणे बरोबर नाही. तो नेमके काय करतो, हे समजून घ्यायला हवे.

माणूस धान्याशिवाय जगू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर जवळपास शंभर वर्षांपूर्वीच मिळाले आहे. आर्क्टिक प्रदेशात इन्युइट लोकांबरोबर वर्षानुवर्षे राहिलेले संशोधक विल्यमूर स्टेफान्सन आणि त्यांचे सहकारी कार्स्टन अँडरसन यांनी १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर फक्त मांस खाल्ले. वर्षअखेरीस दोघेही ठणठणीत होते. हा दाखला आजही दिला जातो, पण अर्धाच. ते दोघे नुसते मांस खात नव्हते. कलेजी, गुर्दे, भेजा, नळीतला मगज आणि भरपूर चरबीही त्यांच्या आहारात होती. दिवसाला प्रथिने १०० ते १४० ग्रॅम, तर चरबी २०० ते ३०० ग्रॅम असे प्रमाण होते. सुरुवातीला स्टेफान्सन यांना मुद्दाम चरबीविरहित मांस दिले, तेव्हा दोन-तीन दिवसांतच मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबी वाढवल्यावर ते सावरले. आपल्याकडे या आहाराच्या नावाखाली उकडलेल्या चिकन ब्रेस्टवर राहू पाहणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे. शिवाय त्या प्रयोगाला मांस उद्योगाचे अर्थसाहाय्य होते, माणसे दोनच होती आणि दोघांनाही अशा आहाराची जुनी सवय होती.

कर्बोदके पूर्ण बंद केली की शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरते. या साठ्याबरोबर धरून ठेवलेले पाणीही बाहेर पडते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो वजन उतरते, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. त्यानंतर यकृत चरबीपासून कीटोन बनवू लागते आणि मेंदूसह अनेक अवयव त्यावर चालतात. मेंदूला लागणारी उरलेली साखर यकृत प्रथिनांपासून तयार करते. भूक मंदावते, खाण्यातले पर्याय संपल्यामुळे एकूण खाणेही कमी होते. साखर, मैदा, बिस्किटे, फरसाण हे सगळे एका फटक्यात सुटते. दिसणारा फायदा बराचसा या सुटण्यातून येतो. तो मांसामुळेच झाला, असे म्हणता येत नाही.

या आहारावर असलेल्या २,०२९ जणांची पाहणी हार्वर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. बहुतेकांनी आपण समाधानी असल्याचे सांगितले. मधुमेहींनी वजन आणि साखर उतरल्याचे नोंदवले. मात्र ही माहिती लोकांनी स्वतःच भरलेली होती, आणि त्रास होऊन आहार सोडून दिलेली माणसे अशा पाहणीत सहसा सापडत नाहीत. तरीही एक आकडा बोलका आहे. ज्यांनी रक्ततपासणीचे निष्कर्ष दिले, त्यांच्यात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा मध्यांक १७२ होता. साधारणपणे हे प्रमाण १०० च्या खाली असावे, असे मानले जाते. वाढलेले एलडीएल दुखत नाही, चक्कर आणत नाही, ते वर्षानुवर्षे धमन्यांत साचत राहते. दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका इतर देशांतील लोकांच्या तुलनेत सुमारे सहा वर्षे लवकर येतो, हे ‘इंटरहार्ट’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले होते. आपल्याला ही जोखीम परवडणारी नाही. त्यात चोथा शून्य झाल्याने बद्धकोष्ठता होते. युरिक अॅसिड वाढण्याची, मुतखड्याची शक्यता वाढते. मधुमेहाने आधीच थकलेल्या किडनीवर जास्त प्रथिनांचा भार पडतो. सॉसेज, सलामीसारखे प्रक्रिया केलेले मांस तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे.

हे सगळे धोके दूरचे आहेत. मधुमेहीसाठी सर्वांत जवळचा धोका काही दिवसांवर असतो, आणि त्याची चर्चा व्हिडिओंमध्ये क्वचितच होते. तो धोका गोळ्यांचा आहे.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदय आणि किडनी यांच्या रक्षणासाठीही ती उपयुक्त आहेत. पेटंटची मुदत संपल्यावर ती स्वस्त झाली आणि आता लाखो रुग्ण ती घेतात, अनेकदा दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत. या औषधांमुळे शरीर चरबी जाळण्याकडे झुकते. त्यात कर्बोदके पूर्ण बंद केली की इन्सुलिन आणखी घटते, कीटोन आवाक्याबाहेर वाढतात आणि रक्त आम्लधर्मी होते. याला कीटोअॅसिडोसिस म्हणतात. वेळीच उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने याबाबत २०१५ मध्येच इशारा दिला होता.

यातली फसगत अशी, की या वेळी साखर फारशी वाढलेली नसते. ग्लुकोमीटरवर १६०-१८० दिसते, म्हणून रुग्ण निर्धास्त राहतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, गळून जाणे, धाप लागणे या लक्षणांना ‘पित्त झाले’ किंवा ‘नव्या आहाराची सवय होतेय’ असे म्हटले जाते. दोन दिवस घरगुती उपायांत जातात. अशा वेळी रक्तातील किंवा लघवीतील कीटोन तपासणे हाच मार्ग असतो. डॉक्टरांना आहारातला बदल सांगितलेला नसेल, तर तेही चुकू शकतात.

दुसरी अडचण उलट बाजूची आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन यांचा डोस रोजच्या भात-पोळीचा हिशोब धरून ठरवलेला असतो. भात-पोळी बंद आणि डोस तोच, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. रात्री झोपेत असे झाले तर घरच्यांना कळतही नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की दाब खाली येतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

मग धान्याचे काय करायचे? ‘आयसीएमआर-इंडियाब’ या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. याच प्रकल्पाचा सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेला अभ्यास सांगतो, की भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. आपण धान्य जास्त खातो, ही तक्रार खरीच आहे. तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ आणले, पण प्रमाण तेवढेच ठेवले, तर धोका घटलेला दिसला नाही. मात्र एकूण ऊर्जेपैकी केवळ पाच टक्के भाग कर्बोदकांऐवजी डाळी-कडधान्ये किंवा दुधाच्या प्रथिनांतून घेतला, तर मधुमेहाचा धोका कमी असल्याचे आढळले. लाल मांसाच्या प्रथिनांबाबत असा फायदा दिसला नाही.

म्हणजे तीन पोळ्या आणि वाटीभर भाताऐवजी दीड पोळी, मोठी वाटी मटकीची उसळ, कोशिंबीर, ताक, आणि खाणाऱ्यांसाठी अंडे किंवा बांगडा. साबुदाणा, साखरेचा चहा, बिस्किटे कमी. यातून साखर उतरतेच, आणि हा बदल घरात सगळ्यांना एका ताटात पेलतो. रोज मटणावर राहण्याचा खर्च फार थोड्या कुटुंबांना झेपेल.

तरीही कोणाला कर्बोदके फारच कमी करून पाहायची असतील, तर त्याआधी आपल्या गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जावे. पाकिटावर बारीक अक्षरांत ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणारे नाव आहे का, ते बघून घ्यावे. कोणती गोळी थांबवायची, कोणती कमी करायची, हे आहार बदलण्याआधी ठरायला हवे. किडनीची तपासणी आणि कोलेस्टेरॉल आधी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा करावे. टाइप १ मधुमेह असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि किडनीचा आजार असलेल्यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करूच नये. आणि आहार बदलल्यावर उलट्या किंवा धाप लागली, तर ग्लुकोमीटरवरचा आकडा काहीही असो, रुग्णालय गाठावे आणि काय खाणे सोडले आहे, ते डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे.