मुठीचाही आकडा हवा

"डॉक्टर, चहाचा कप हातातून निसटतो हो!" शहाडच्या माझ्या दवाखान्यात आलेल्या बाई सांगत होत्या. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात त्या दिवसभर कात्रीने धागे कापतात. रात्री बोटांना मुंग्या येतात. एक्स-रे साफ, त्यामुळे घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा!

मी रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा गुंडाळला, २० पर्यंत हवा भरली आणि मुठीत दाबायला दिला. डाव्या हाताने काटा १४० वर गेला, उजव्याने ९० वरच अडला. बाई उजव्या हाताच्या, म्हणजे जोर उजवीकडे थोडा जास्तच हवा.

एवढ्यावरून निदान होत नाही. दुखरा हात पूर्ण जोर लावत नाही. मधुमेह, थायरॉईड, मानेतली नस हेही पाहावे लागते. पण कामाला लागतानाची नोंद असती, तर घसरण कदाचित आधीच दिसली असती. कामगारांचे वजन, डोळे, रक्तदाब तपासतात. मग पकड का नको? डायनॅमोमीटर नसेल तर पट्टा आहेच. दर सहा महिन्यांनी दोन मिनिटे पुरतात.

बाईंना मी रात्री मनगटाला आधारपट्टी आणि तीन आठवडे कात्री बंद असे सांगितले.

"मजुरी नगावर मिळते, डॉक्टर," त्या म्हणाल्या, "पट्टी तेवढी द्या."