धावपट्टी यवतमाळात, उड्डाण नागपुरातून

यवतमाळहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ५७० किलोमीटर. एटीआर जातीच्या छोट्या विमानास दीड तास पुरेसा. प्रत्यक्षात यवतमाळकर आधी मुंबईकडे पाठ फिरवून रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवरील नागपूर गाठतो आणि तेथून जवळजवळ ६८५ किलोमीटर उलट उडतो. रस्त्याचे तीन तास व विमानतळावरील खोळंबा धरल्यास अर्धा दिवस सरतो. मुंबईला उपचारासाठी निघालेल्या रुग्णाला हा हिशेब वेगळा सांगावा लागत नाही.

शहरात विमानतळ नाही, असे नव्हे. २००९ मध्ये शासनाने नांदेड, लातूर, बारामती व उस्मानाबादसह तो रिलायन्स समूहाच्या कंपनीकडे दीर्घ भाडेपट्ट्याने सोपविला. यवतमाळहून नियमित प्रवासी सेवा मात्र सुरू झाली नाही.

एप्रिल २०२५ मध्ये शंभरेक किलोमीटरवरील अमरावतीहून मुंबईची सेवा सुरू झाली, तीही प्रारंभी आठवड्यातून तीनच दिवस. इतक्या जवळ विमान आल्याने यवतमाळचा दावा, कटू असले तरी, दुबळाच झाला आहे. तेव्हा नव्या उड्डाणाच्या घोषणेपेक्षा बेलोऱ्याच्या विमानवेळेशी जुळणारी थेट एसटी मागणे अधिक व्यवहार्य. त्यास धावपट्टीही लागत नाही.