कुंडीसकट लावताना

‘कुंडीसकट लावा आणि विसरून जा’ असं सांगत काथ्याच्या, शेणाच्या आणि कागदी लगद्याच्या कुंड्या रोपवाटिकांत शिरल्या आहेत. कल्पना नवी नाही; पॉलिथिनच्या पिशव्यांआधी आपल्याकडे पानांच्या द्रोणात रोपं होतच होती. यातलं ‘लावा’ खरं, ‘विसरून जा’ खोटं.

रोप सुकल्याची तक्रार आली की ते उकरून पाहा. बहुतेक वेळा कुंडीची भिंत खडखडीत कोरडी आणि मुळं आतच गरगरलेली सापडतील. कुजवणं हे ओलाव्याचं आणि सूक्ष्मजीवांचं काम. भिंत वाळली की ते थांबतं. बोटभर कड जमिनीवर राहिली, तरी ती दिव्याच्या वातीसारखी आतला ओलावा ओढून उन्हात उडवते. उन्हाळ्यात काळी जमीन आकसून कुंडीपासून सुटते, मग मुळांना पुढं जायला माती उरत नाही. म्हणून कुंडी आधी पाण्यात बुडवावी, कड फाडून टाकावी, बुडाला चिरा द्याव्यात, पूर्ण गाडून माती चौफेर दाबावी.

रोपवाटिकेतही काम वाढतं. या कुंड्या सर्व बाजूंनी सुकतात, त्यामुळे पिशवीच्या हिशेबाने पाणी देऊन चालत नाही. त्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर मुळं शेजारणीत घुसतात. अंतर ठेवलं तर भिंतीबाहेर आलेलं मुळाचं टोक हवेत सुकतं आणि मुळाला आत फुटवे येतात. खरा फायदा हाच! कागदी कुंडी कुजताना सूक्ष्मजीव नत्र ओढतात; पानं फिकी दिसली तर हलकं विद्राव्य खत द्यावं.

हा खटाटोप कलिंगड, काकडी, कारली, दोडका आणि पपईसाठी करावा, कारण मुळांभोवतीची मातीची हुंडी फुटली की ही रोपं मान टाकतात. टोमॅटो, वांगी, मिरचीला प्रोट्रे (खाचांचा रोप-ट्रे) पुरे. तिथे या कुंड्यांवर पैसे घालू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कंपोस्टेबल प्लास्टिकच्या कुंड्या मात्र वेगळ्या. त्यांच्यावरचा आयएस/आयएसओ 17088 हा शेरा औद्योगिक कंपोस्टिंगसाठी आहे. तिथे 58 अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता असते. शेतात ती कुठून येणार? अशी कुंडी काढूनच रोप लावावं.

गिऱ्हाइकाला यातलं काहीच ठाऊक नसतं. प्रत्येक खोक्यात लावणीच्या सूचनांची मराठी चिठ्ठी टाका, आणि रोपं गाडीत चढवताना कड फाडायचं तोंडीही सांगा.