मुलगा पंचविशीचा झाला, मग?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दाना ओली नावाची जुनी वस्ती आहे. दाना म्हणजे धान्य आणि ओली म्हणजे आपली ओळच. शिंद्यांच्या छावणीबरोबर मराठी माणसे तिकडे गेली आणि त्यांच्याबरोबर शब्दही गेले. तिथे माझी मावशी राहते. परवा तिचा फोन आला.

"अगं, धाकट्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. तो बरा आहे. पण बिल सगळं घरातून भरलं. विमा कंपनी म्हणते, तुमचा मुलगा पॉलिसीत नाहीच!"

मावशीचे यजमान निवृत्त. मुलगा २६ वर्षांचा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, कमाई नाही. काकांनी दरवर्षी हप्ता भरला, पावती फाइलला लावली. पण मुलगा २५ चा झाल्यावर नूतनीकरणात त्याचे नाव गळले, ते कोणी वाचलेच नाही. काकांचा सवाल एकच : "करासाठी तो माझ्यावर अवलंबून, मग विम्यासाठी का नाही?"

वाचकहो, आपल्याकडे कन्नडमध्ये 'मग' म्हणजे मुलगा आणि मराठीत 'मग' म्हणजे पुढे काय. हा प्रश्न नेमका या दोन्हींचा आहे.

अमेरिकेत विद्यार्थी मुलगा २४ चा होईपर्यंत करात 'अवलंबित' दाखवता येतो आणि आईवडिलांच्या विम्यात २६ पर्यंत राहतो. आपल्याकडे नुसते मूल आहे म्हणून वेगळी करसवलत नाही. आहे ती आरोग्य विम्याच्या हप्त्यावर. '८० डी' म्हणून आपण ओळखतो तीच. (२०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात कलमाचा क्रमांक बदलला, सवलत राहिली.) स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले यांच्यासाठी वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत, कोणी साठीचे असेल तर ५०,००० पर्यंत. मुलाच्या वयाची अट नाही, तो अवलंबून हवा. मात्र ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि हप्ता रोखीने भरलेला चालत नाही.

विमा कंपनी मात्र वय पाहते. बऱ्याच फ्लोटर पॉलिसींत मुलांची मर्यादा २५ वर्षांची असते. केंद्र सरकारी आरोग्य योजनेतही मुलगा २५ चा होईपर्यंत, कमावू लागेपर्यंत किंवा त्याचे लग्न होईपर्यंत, यांतले जे आधी घडेल तोपर्यंतच असतो. मुलीला वयाची अट नाही. ती कमावती होईपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत राहते. अपंग मुलाचे नियम वेगळे आहेत.

म्हणजे काकांचे दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर होते. चुकले ते दोन्ही एकच समजण्यात.

मग करायचे काय? मूल पंचविशीला आले की नूतनीकरणाच्या दोन महिने आधीच कंपनीला विचारावे आणि त्याच्या नावाची वेगळी पॉलिसी करून घ्यावी. वेळेत केले तर जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. मुलगा अवलंबून आहे तोवर हा वेगळा हप्ता वडिलांनी भरला तरी जुन्या प्रणालीत सवलत वडिलांनाच मिळते.

आणि तो कमावू लागला की? त्याचा हप्ता तुम्ही भरलात तर तुम्हाला सवलत नाही. पण त्याने तुमचा भरला तर त्याला आहे, तुम्ही साठीचे असाल तर ५०,००० पर्यंत. आईवडील त्याच्यावर अवलंबून असण्याची अटही नाही. कायद्यालाही कळते, आईवडील मुलांवर ओझे नसतात.

मावशीकडे आता नवी पॉलिसी आली आहे. ती आल्यावर काकांनी चष्मा लावून आधी नावे मोठ्याने वाचली. तुम्हीही आज कपाटातली फाइल काढा आणि पावतीवरचा आकडा नंतर, नावे आधी वाचा.